गाडी डावीकडे ओढते

असं समजा, की रविवारची सकाळ आहे आणि तुम्ही एका जुन्या, जडशा गाडीच्या पुढच्या चाकासमोर उकिडवे बसला आहात. गाडी जॅकवर उचललेली आहे, चाक जमिनीपासून चार बोटं वर. आता टायर दोन्ही हातांनी धरा, घड्याळात नऊ आणि तीन असतात त्या जागी. एकदा डावीकडे ढकला, एकदा उजवीकडे. जोर लावू नका. झोपलेल्या माणसाला जागं करताना हलवतो, तेवढंच हलवा आणि कान देऊन ऐका. चाकाला स्टीअरिंगशी जोडणारा सांधा धड असेल, तर काहीच ऐकू येणार नाही. झिजला असेल, तर आतून 'टक' असा बारीक आवाज येईल. तो कानाच्या आधी तळहाताला कळतो.

कुठल्याही मेकॅनिकला वाटतं, आवाज येऊ नये, काम कमी निघावं. कांजूरमार्गच्या त्या गल्लीत चाक धरून बसलेली तेजल मात्र मनातल्या मनात म्हणत होती, येऊ दे. झिजलेला असू दे.

गाडी तिच्या वडिलांची होती. खंडू इंगळे ऐन विशीत मेहकरकडच्या गावातून मुंबईला आले, आधी ट्रकवर क्लीनर होते, मग अंधेरीच्या एका शूटिंग कंपनीत ड्रायव्हर झाले. नट-नट्यांना पहाटे घरून उचलायचं आणि पॅकअप झाल्यावर परत सोडायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या वेळी शेठने नवी गाडी घेतली आणि ही जुनी पेट्रोलची एसयूव्ही पप्पांना दिली. तेव्हापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वस्तीची पहिली गाडी तीच. टपावर फुलांच्या कमानीत बाबासाहेबांची प्रतिमा, पुढे लेझीम, दोन्ही बाजूंना बायका-पोरं आणि स्टीअरिंगवर पांढऱ्या कपड्यांतले पप्पा. त्या दिवशी ते चपला काढून गाडी चालवत. डोक्यावर प्रतिमा आहे म्हणून, असं ते सांगत. शिवाय अनवाणी पायाला क्लच नीट कळतो, असंही सांगत.

यंदा फेब्रुवारीत सम्यकने, म्हणजे तेजलच्या धाकट्या भावाने, घरात विषय काढला. तो सांताक्रूझला विमानतळावर कार्गोत कामाला. पप्पा त्याला ड्यूटीवर सोडायला गेले होते आणि वाटेत गाडी सरकत सरकत उभ्या रिक्षाला घासता घासता राहिली होती.

"गाडी डावीकडे ओढते," पप्पा म्हणाले. "थरथरते पण. आता जुनी झाली ना."

"गाडी नाही ओढत, ताई," सम्यक तेजलकडे वळून म्हणाला. "हात ओढतोय."

"तू कॉम्प्युटरसमोर बसणारा. तुला गाडीतलं काय कळतं रे?"

"गाडीतलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं ना पप्पा. मिरवणुकीत चाकाशेजारी पोरं चालतात. काही झालं तर?"

पप्पांनी गाडीची चावी खिशात टाकली. शेवटी शांताबाई, म्हणजे तेजलची आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "भांडता कशाला? घरात मेकॅनिक पोरगी आहे. तिला बघू द्या. गाडीत दोष निघाला तर यांनी चालवावी, नाही निघाला तर नाही. तेजल म्हणंल ते खरं."

दोघांनी मान डोलावली. तेजलने मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. तिने आयटीआय केलं होतं, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये ती रोज चार-पाच गाड्यांचे दोष सांगायची. पण अशी गाडी तिच्यापुढे कधी आली नव्हती, जिच्यात दोष निघावा म्हणून तिने हात जोडावेत.

मार्चच्या पहिल्या रविवारी तिने इंजिन घेतलं. गाडी मिसिंग करत होती. म्हणजे चार सिलिंडरांपैकी एकात मधूनच ठिणगी पडत नव्हती, आणि तीन पायांच्या खुर्चीत बसल्यासारखी अख्खी गाडी उभ्या उभ्या हिंदकळत होती. तेजलला बरं वाटलं. इंजिन असं हलत असेल तर स्टीअरिंग थरथरणारच. वर्कशॉपमधून मागून आणलेला स्कॅनर तिने लावला, त्याने तिसरा सिलिंडर दाखवला. तिने त्यावरची, ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल उपसली आणि बघतच राहिली. कॉइलच्या रबरावर, खाली प्लगच्या खड्ड्यात, सगळीकडे निळा चिखल सुकून बसला होता.

"पप्पा, हे काय आहे?"

पप्पांनी वाकून पाहिलं. "गुलाल. जयंतीचा."

"बोनेटच्या आत?"

"उधळतात तेव्हा जाळीतून जातो आत. मागच्या वर्षी लई गेला होता."

"गेला ते ठीक. पण त्याचा चिखल कसा झाला? पाणी कोणी मारलं?"

पप्पांनी रस्त्याकडे पाहिलं. "टँकरवाला आला होता. त्याचा पाइप घेतला जरा."

"इंजिनवर पाइप मारायचा नसतो, हे मला तुम्हीच शिकवलंय."

"ते दुसऱ्याच्या गाडीचं सांगितलं होतं." मग हळू आवाजात म्हणाले, "प्रतिमेवरचा गुलाल होता तेजू. तेलाच्या काजळीत तसाच जळत ठेवायचा होय?"

तिने शेजारून सायकलचा पंप आणला, खड्ड्यातली निळी भुकटी हवेने उडवली, उरलेली चिंधीने टिपली. प्लग गंजला होता, कॉइल आतून चिरली होती. दोन्ही नवीन बसवले. चावी फिरवली तेव्हा इंजिन इतकं शांत चाललं, की खिडकीतून आईने विचारलं, "बंद पडली काय गं?"

"चालू आहे, आई."

पप्पा हसले. दार उघडून आत बसले, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"अजून थरथरते बरं का," ते म्हणाले.

तेजलने बोनेटवर तळहात टेकवला. खाली इंजिन गाढ झोपेतल्या बाळासारखं चाललं होतं. "स्टीअरिंगचं काम राहिलंय ना अजून," ती घाईने म्हणाली. "पुढच्या रविवारी बघते."

आणि पुढच्या रविवारी चाक धरून बसली असताना तो आवाज आला. टक.

तेजल खुदकन हसली. उजव्या चाकालाही तसंच. तिने सम्यकला हाक मारली. तो दात घासत बाहेर आला.

"इथं हात ठेव. आता हलव. काय लागतं?"

"काहीतरी टकटक करतंय."

"टायरॉडचा सांधा आहे तो. गेलाय. दोन्हीकडचे गेलेत. असा सांधा असला की गाडी कुठंही ओढते."

सम्यकच्या तोंडात फेस होता, तो तसाच उभा राहिला. मग नळावर जाऊन चूळ भरून आला. "म्हणजे गाडीच होती?"

"दोष तर आहे गाडीत."

"बरं झालं यार," तो म्हणाला. "मला काय हौस आहे का ताई त्यांना खाली उतरवायची?" तो आत गेला आणि पप्पांसाठी कोपऱ्यावरून भजीपाव घेऊन आला. दोघं बापलेक बऱ्याच दिवसांनी एकाच कागदातून खाताना दिसले.

जुने नट गंजून दगड झाले होते. तेजलने त्यांच्यावर डिझेल सोडलं, मुरू दिलं, मग हातोडीचे बेताचे ठोके देत सांधे सोडवले. नवे सांधे बसवून गाडी वर्कशॉपला नेली, चाकांचं अलाइनमेंट केलं. आता गाडीत बघायचं असं काही राहिलं नव्हतं. हे तिला कळत होतं, म्हणूनच शेवटची चाचणी तिने चार दिवस पुढे ढकलली.

ती चाचणी सकाळी, रस्ता मोकळा असताना झाली. हायवेला लागून असलेल्या सर्व्हिस रोडवर आधी तेजलने गाडी चालवली. एका सरळ पट्ट्यात तिने स्टीअरिंगवरचे हात क्षणभर सोडले. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. पप्पा शेजारी बसून म्हणाले, "झकास केलीस."

मग जागा बदलल्या. वेगात होती तोवर पप्पांच्या हातीही गाडी नीट धावली. तेजलला सुटल्यासारखं झालं. वारं कचऱ्याच्या डम्पिंगकडून फिरलं होतं, तिने काच वर केली आणि म्हणाली, "आता गल्लीतून घ्या. मिरवणुकीसारखी."

पप्पांनी पहिला गिअर टाकला. गाडी माणसाच्या चालीने सरकू लागली. तेजलची नजर रस्त्यावर नव्हती. स्टीअरिंगचा वरचा काठ हलत होता. अगदी बारीक, पण सारखा.

तिने डॅशबोर्डवर बोटं टेकवली. शांत. गिअरच्या दांड्याला हात लावला. शांत. दाराला, सीटला, पायाखालच्या पत्र्याला. गाडीतला कंप असा एका जागी राहत नसतो, तो पत्र्यापत्र्यातून फिरतो, सगळीकडे लागतो. हा कुठेच फिरत नव्हता. पप्पांच्या डाव्या हातापाशी सुरू होत होता आणि तिथेच थांबत होता. आणि समोर उभ्या भाजीच्या गाड्याकडे एसयूव्ही इंचाइंचाने सरकत होती.

"पप्पा, उजवीकडे."

त्यांनी वळवली. गाडी बाजूला लावली. इंजिन चालूच होतं.

"अजून थरथरते, नाही?" त्यांनी विचारलं. "अजून काही राहिलं असंल बघ. स्टीअरिंगचा रॅक असंल. पॉवर स्टीअरिंगचा पंप असंल."

तेजलला सोपं होतं. 'हो, रॅक बघावा लागेल,' एवढंच म्हणायचं. रॅक उतरवायला एक रविवार, नवा मिळायला दोन, बसवायला एक, तोवर चौदा एप्रिल येऊन गेली असती. कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शाळेला निघालेली दोन पोरं बोनेटला हात घासत पुढून गेली. पप्पांना ओळखून त्यांनी "जय भीम आजोबा" म्हटलं.

"गाडीत काही राहिलं नाही, पप्पा," तेजल म्हणाली.

पप्पांनी मान हलवली. चावी फिरवून इंजिन बंद केलं. डावा हात उजव्या हाताखाली घेऊन मांडीवर ठेवला. काचेपलीकडे भाजीवाला उभा होता. तो मेथीवर पाणी शिंपडत होता.

"डॉक्टरकडे जाऊ या," ती म्हणाली.

"जाऊ की." मग ते दार उघडून खाली उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले. "सरक तिकडं. चप्पल काढ."

"आत्ता?"

"मग कधी? मिरवणुकीत चालवणं म्हंजे काय साधं काम वाटलं का तुला?"

त्या सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पप्पांनी तिला गाडी शिकवली. जी पोरगी रोज गाड्या चालवते तिला. क्लच अर्धा धरून ठेवायचा, पण जाळायचा नाही. लेझीमवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, टाचांकडे बघायचं. टाच मागे आली की आपला पाय ब्रेकवर. ढोल थांबला तरी गाडी धक्का न देता थांबली पाहिजे, वरचं फूलसुद्धा हलायला नको. तिसऱ्या खेपेला तेजलकडून गाडी झटक्यात बंद पडली.

"ह्याला तुझ्या वर्कशॉपात काय म्हणतात?" पप्पांनी विचारलं.

"गप्प बसा हो."

ती घरी आली तर दारात विकी उभा होता, जयंती मंडळाचा कार्यकर्ता. कमानीची चौकट करायची म्हणून टपाचं माप घ्यायला आला होता. पप्पा हातपाय धुवायला आत गेले. तेजलने विचार केला, आपणच सांगावं, त्यांना सांगायला लागू नये.

"विकी, ऐक ना. यंदा गाडी पप्पा नाही चालवणार. मी चालवणार आहे. मंडळात तेवढं कळव."

विकीने टेप गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे पाहिलं. "ते माहितीय की ताई. काकांनी तुझं नाव कधीच दिलंय. जानेवारीतल्या मीटिंगलाच. यंदा माझी पोरगी चालवंल, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या पण वाजवल्या. तुला नाही सांगितलं?"

जानेवारीत. तेव्हा ती रिक्षा वाटेत यायची होती, सम्यक काही बोलला नव्हता, तिने बोनेट उघडलं नव्हतं.

"सांगितलं," तेजल म्हणाली. "विसरले मी."

विकी माप घेऊन गेला. तेजल गाडीला टेकून उभी राहिली. आतून नळाचा आवाज येत होता आणि आई कशावरून तरी पप्पांना रागावत होती. आठवड्याभरात डॉक्टर काय ते सांगतील. औषध देतील, नाव सांगतील त्या दुखण्याला. चौदा एप्रिलला ती स्टीअरिंगवर बसेल, पप्पा शेजारी. ते सगळं आता ठरलेलं होतं.

पण जानेवारीतच नाव देऊन बसलेला माणूस मार्चमध्ये तिच्या शेजारी उभा राहून, इंजिन शांत चालत असताना, "अजून थरथरते" म्हणाला होता. गाडी लेकीच्या हाती द्यायची तर आधी ती निर्धोक करून घ्यावी, म्हणून त्यांनी तिच्याकडून एकेक सांधा तपासून घेतला? की नाव देऊनही, तिने चाक हलवलं त्या प्रत्येक वेळी, तेही तिच्यासारखेच त्या 'टक' आवाजाची वाट बघत होते?