कंदीलवाल्याचा कुठला भाग भारी?

किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही. दोन-तीन माणसं एका खोलीत राहिली की ओट्याच्या कोपऱ्यात तुटका चमचा, जुनी गाळणी, कुठल्या तरी डब्याचं झाकण साचत जातं, तसे ते साचतात. आमचेही शिक्रापूरच्या रूमवर असेच साचले. हल्ली शिरूरला घरी गेलो की ओळखीचे लोक आधी संदीपची चौकशी करतात, मग चहा सांगतात आणि मग म्हणतात, "तो कंदीलवाल्याचा सांग की." एक सांगितला की दुसरा निघतोच.

आधी माणसं सांगतो. मी विजू, कंपनीत क्वालिटीला. संदीप माझा रूम पार्टनर, यवतचा, त्याच कंपनीत प्रेस मशिनवर. महेश रेल्वेत, दौंडच्या कॉलनीत राहणारा, सुट्टी मिळाली की गाडीला किक मारून थेट आमच्या रूमवर. आणि कंदीलवाला म्हणजे आमचा व्हिडिओ गेम. खरं इंग्रजी नाव एवढं लांब आहे की ते घेईपर्यंत माणूस दमतो. एक पोरगा हातात कंदील घेऊन अंधारात बुडालेल्या राज्यात हिंडतो, राक्षस मारतो आणि उजेड परत आणतो. असे सहा भाग निघाले. महेशला चौथा भारी वाटतो, मला पाचवा आणि संदीपला तिसरा. आमची अख्खी दोस्ती या भांडणावर उभी आहे.

गेल्या वर्षी संदीपचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. बोटं गेली, अंगठा राहिला पण तो वळेना. त्यामुळं हे किस्से सांगताना हसू येतं तशी धाकधूकही होते. ज्याच्याशी भांडण्यात सगळी मजा होती, तो परत कामावर, आमच्या रूमवर येणार का, हेच किती तरी दिवस कळत नव्हतं.

*

चौथ्या भागात आगगाडी आहे. रेल्वेचा माणूस म्हटल्यावर महेशला तोच आवडणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पहिल्यांदा खेळायला बसला तो शर्टची बटणं वगैरे लावून.

गाडी सुटली, डोंगर ओलांडला, एका गावाजवळ आली आणि महेशनं ती थांबवली. आम्ही वाट बघतोय. मी जाऊन दूध घेऊन आलो, संदीपनं चहा केला, आमचा चहा पिऊनही झाला. गाडी जागची हलायला तयार नाही.

"आरं, पुढं घे की," संदीप वैतागला.

"सिग्नल लाल हाय," महेश म्हणाला.

तो गावातल्या जत्रेचा दिवा होता. असे लाल दिवे त्या गावात घरोघर टांगले होते. आम्ही परोपरीनं सांगून बघितलं, पण गडी ऐकेना. शेवटी त्या पोराला गाडीतून उतरवून त्यानं गावात चालत नेलं. गाडी अजून तिथंच उभी आहे.

*

माझ्या पाचव्या भागावर दोघांचाही राग. त्यात राज्य एवढं मोठं आहे की या टोकाहून त्या टोकाला जायचं तर सुट्टीचा दिवस पुरत नाही. राक्षस फारसे नाहीत. नुसती कुरणं, टेकड्या आणि लांबच लांब रस्ता. संदीप म्हणायचा, "ह्याच्यात करायचं काय? नुसतं चालायचं?"

मी म्हटलं, व्हय, नुसतं चालायचं. शिक्रापूरच्या चौकात रोज दोन कंटेनरच्या मधून बाइक काढणाऱ्याला रिकामा रस्ता दिसला तर तो प्रेमात पडणारच. मी तर त्यात कित्येकदा काहीच न करता रस्त्याच्या मधोमध उभा राहिलोय. मागून हॉर्न वाजत नाही, यातच मला सगळं मिळतं.

*

आमचे रूममालक आप्पा. पूर्वी त्यांचा ऊस होता, आता त्याच जमिनीवर भाड्याच्या खोल्या आहेत. पण माणूस मनानं अजून शेतातच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाणीवाटप सोसायटीत भांडण्यात घालवलेली.

तिसऱ्या भागात एक जुनं धरण आहे. त्याचे दरवाजे बरोबर क्रमानं उघडले तर पाणी उतरतं आणि खाली अडकलेली गावं सुटतात. चुकलं की आपला पोरगा बुडून मरतो. मी आणि महेश तिथं अडकून पडलो होतो. संदीपला उत्तर माहीत होतं, पण तो आमची गंमत बघत बसलेला. तेवढ्यात आप्पा लाइट बिलाचं सांगायला आले आणि धरण बघून दारातच थांबले.

"ह्यात काय आवघड हाय? आधी टेलला पाणी, मंग वर वर यायचं," ते म्हणाले. कॅनॉलच्या शेवटच्या शेतकऱ्याला आधी पाणी, हा त्यांच्या सोसायटीचा नियम. आम्ही सगळ्यात खालचा दरवाजा उघडला. पोरगा बुडाला. आप्पांनी पुन्हा उघडायला लावला. पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदा बुडाल्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्यांचा पाणी सोडणारा पाटकरी वरच्या हेडवाल्यांनी फोडलाय."

बिचाऱ्यांना अजून वाटतं की त्या राज्यात पाण्याचा घोटाळा आहे. संदीप त्या दिवशी इतका हसला की त्याला उचकी लागली. त्याचं म्हणणं, ज्या भागात आप्पासुद्धा अडकतात, तोच भाग खरा.

*

मग एकदा ठरलं की हा वाद कायमचा मिटवायचा. आमच्या भागात पतसंस्था असो की शाळेची कमिटी, निवडणुकीशिवाय कुणाचं पान हलत नाही. आप्पांना निवडणूक अधिकारी नेमलं. मतदार तीन, उमेदवार सहा भाग. प्रत्येकानं हात वर केला आणि ज्याच्या त्याच्या भागाला एकेक मत पडलं. महेशनं फेरमतदान मागितलं, तर पुन्हा तेच.

आप्पांनी थोडा विचार केला आणि प्रत्येक भागाविषयी कुणाची काय हरकत आहे ते विचारायला सुरुवात केली. तिसऱ्याला शिव्या पडल्या, चौथ्याला पडल्या, पाचव्याला तर जास्तच पडल्या. पहिला जुनाट निघाला आणि सहावा कुणाला पटलाच नाही. दुसऱ्या भागाला मात्र कुणी काहीच बोललं नाही.

"दुसरा भाग बिनविरोध," आप्पांनी जाहीर करून टाकलं.

दुसरा आमच्यापैकी कुणी खेळलाच नव्हता. पण अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो.

*

हाताचं झालं आणि संदीप यवतला घरी गेला. फोन उचलेना. कंपनीनं सांगितलं होतं, बरा झाला की स्टोअरला घेऊ, पण हा उत्तरच देईना. शेवटी मी आणि महेश शहाळी घेऊन गेलो.

तो पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेला. हात पांढऱ्या पट्टीत. त्याची आई शेवंतीच्या मळ्यातून नुकत्याच आलेल्या, त्यांनी डोळ्यांनीच आम्हाला बसा म्हटलं. आम्ही इकडचं तिकडचं बोलत राहिलो. दुष्काळ झाला, पंखा झाला, शहाळ्याचं पाणी गोड आहे हेही बोलून झालं. मग महेशला काय वाटलं कुणास ठाऊक, तो एकदम म्हणाला, "संद्या, मी इचार केला. तिसराच भाग भारी हाय."

संदीप झटक्यात वळला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्याला डोळा देत होता, असं त्याच्या आईनं नंतर सांगितलं.

"माझी दया करू नको. तुला चौथा आवडतो तर चौथाच म्हण."

महेश हुशार. तो लगेच म्हणाला, "बरं. तिसरा भिकार हाय. धरणाच्या पुढं त्यात काय बी न्हाई."

झालं! संदीप उठून बसला आणि शहाळं संपेपर्यंत आम्हाला तिसरा भाग समजावून सांगत राहिला. आई दारात पदर धरून उभ्या होत्या. पुढच्या रविवारी आम्ही गेमचं मशीन उचललं आणि यवतला नेऊन दिलं.

*

डावा हात ठीक होता. डाव्यानं पोराला चालवता येत होतं, पण तलवार उजवीकडच्या बटणावर. संदीपनं दोनदा प्रयत्न केला आणि कंट्रोलर गादीवर फेकून दिला. आईंनी तो उचलला. म्हणाल्या, "तू चालव. मी दाबते."

तेव्हापासून दोघं मांडीला मांडी लावून बसायला लागले. एकच कंट्रोलर, अर्धा त्याच्या हातात, अर्धा त्यांच्या. आईंचा अंगठा वेगवान, जन्मभर फुलं खुडलेली. अडचण एवढीच की राक्षस आला की त्या आधी चौकशी करायच्या, "ह्यानं काय केलंय?" ते सांगेपर्यंत राक्षस काम उरकून जायचा.

मग संदीप ओरडायचा, "मार आई, मार!" एका दुपारी शेजारचे मामा काठी घेऊन धावत आले. घरात भांडण लागलं म्हणून. बघतात तर मायलेक टीव्हीसमोर. मामांनी काठी भिंतीला टेकवली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसले.

*

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या राक्षसापाशी दोघं पोचले, त्या रविवारी मी आणि महेशही तिथं होतो. संदीपनं आधीच सांगून ठेवलं होतं की हा भाग आईसोबत संपवला की सोमवारी कामावर येणार. बॅग भरून कोपऱ्यात ठेवली होती.

राक्षस दमला, गुडघ्यावर आला. आता एकच वार बाकी. "मार आई," संदीप म्हणाला.

आईंनी बटणावरचा अंगठा उचलला. संदीपनं डाव्या हातानं घाईघाईनं खेळ थांबवला. आई टीव्हीकडं बघतच नव्हत्या, त्या त्याच्या उजव्या हाताकडं बघत होत्या.

"ह्याला मारला की उद्या तू जाणार."

"व्हय."

त्या माझ्याकडं वळल्या. "मशिनवर न्हाई ना रं बसवणार ह्याला?"

"न्हाई आई. स्टोअरला. माझ्या समोरच बसणार हाय त्यो."

त्यांनी कंट्रोलरचा आपला अर्धा पुन्हा नीट धरला आणि विचारलं, "कवा दाबू?"

इतके दिवस मार, मार म्हणून घर डोक्यावर घेणारा संदीप या वेळी अगदी हळू बोलला.

"तुला वाटंल तवा."

आईंनी अंगठा पदराला पुसला आणि दाबला.