शोरूमचं फडकं

कढईत शेंगदाणे तडतडत होते आणि रेणुकादासराव ते निवायचीही वाट न पाहता कढईतूनच उचलून तोंडात टाकत होते. तेवढ्यात कडी वाजली. शिवकांताबाईंनी झारा नवऱ्याच्या हातात दिला आणि दार उघडलं.

दारात मोटारीच्या शोरूममधला हरिओम. मूळचा धर्माबादचा, आता लातूरला नोकरीला.

"म्याडम, संध्याकाळी गाडी न्यायला येऊन राहिलात ना? तुमचं डिटेलिंग राहिलंय."

"राहिलंय कसं? आधार दिलं, पॅन दिलं, फोटो दिले. आता आणखी कसली डिटेल?"

हरिओमला हसू आवरेना. "तसं न्हाई हो. गाडीचं डिटेलिंग. धुणं, पॉलिश, वरून कोटिंग. आरशासारखी करून देतो."

"असं होय. ये, बस." बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला आणि समोर खुर्ची ओढली.

रेणापूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, तरी विचारायची खोड गेली नव्हती. मिक्सर घेताना दुकानदाराला तो उघडून दाखवायला लावला होता. तसं नवं घेण्याचे प्रसंगच कमी. पुस्तकं थोरल्या बहिणीची, सायकल तिचीच, शिलाई मशीन नणंदेची. शाळेला जायला काळीपिवळी, तीही मांडीला मांडी लावून. आता उतारवयात गाडी चालवायला शिकल्या आणि स्वतःच्या पैशानं ही ठरवली.

"धुता कुठल्या पाण्यानं?"

"बोअरच्या."

"आमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे डाग पडतात. बरं, पुसता कशानं?"

"फडक्यानं."

"दर गाडीला वेगळं?"

"न्हाई, सगळ्यांना एकच." हरिओमनं पेला खाली ठेवला.

आतून रेणुकादासराव म्हणाले, "अगं, त्याला नोकरी करू दे. शोरूमवाल्यांना कळतं."

"तुम्ही दाण्यांकडं बघा. करपलेले मी खाणार नाही."

बाई उठून अंगणात आल्या. हरिओमची काळी मोटारसायकल उन्हात उभी होती. टाकी चकाकत होती.

"ही कुठं पुसतोस?"

"शोरूमलाच. रोज." त्याला जरा अभिमान वाटला.

"त्याच फडक्यानं?"

"हाव."

बाईंनी मान तिरकी करून टाकीकडं पाहिलं. मग त्यालाही खुणेनं बोलावलं. उन्हात टाकीभर बारीक गोल गोल ओरखडे दिसत होते, कोळ्यानं जाळं विणावं तसे.

"हे कशानं रे?"

हरिओमनं बोट फिरवून पाहिलं. "पुसून पुसूनच झालं असंल. फडक्यात माती ऱ्हाती ना."

"पण म्याडम, धुळीची गाडी आम्ही देत न्हाई. हार घालून फोटो काढावा लागतो. साहेब मला बोलतील."

"माझ्या गाडीवर आत्ता धूळ कुठली आहे?"

"वाटेतली. कालच ट्रकमधून उतरली."

"म्हणजे अजून कुणी पुसलेली नाही?"

"न्हाई. कुणी हातच न्हाई लावला."

आत शेंगदाणे करपल्याचा वास सुटला होता, पण बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं.

"फोटो काढू. हारही मी आणते. साहेबांना सांग, बाई हट्टी आहे. माझं एवढंच ऐक, हरिओम. गाडीला पाणी लावू नका, फडकं लावू नका. पहिल्यांदा ती मला धुवू द्या."