पडद्यावर नसलेले क्लॅम्प

तळोजा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये माझी केबिन काचेची आहे आणि एसी फक्त तिथेच आहे. बाहेर लोखंड कापणारी मशीनं चालतात आणि त्यांनी कसं कापायचं ते मी आत बसून ठरवतो. जॉबचं, म्हणजे कापायच्या लोखंडी तुकड्याचं, चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, कटर कुठून कुठे जाईल तो रस्ता आखायचा आणि मशीनला देण्याआधी पडद्यावर एकदा चालवून बघायचा. याला आम्ही सिम्युलेशन म्हणतो. कटर कशाला धडकलं तर तेवढा भाग लाल होतो. लाल दिसलं नाही की प्रोग्रॅम मशीनवर रवाना. पडद्यावरचं पोलाद लोण्यासारखं कापलं जातं आणि ते बघून बघून माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. मला तर जरा जास्तच वाटायचं.

माझे प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालायचे ते काकांकडे होतं. काका जवळच्या नावडे गावचे, घरची भातशेती गेल्यावर कारखान्यात आलेले. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मी केबिनमध्ये बसतो म्हणून मला सर म्हणायचे. नवा प्रोग्रॅम आला की ते तो आधी हवेत चालवायचे. कटर जॉबच्या बरंच वर उचलून ठेवायचं, एक हात वेगाच्या नॉबवर ठेवायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कटर कुठे कुठे जातं ते नुसतं बघत उभं राहायचं. त्यात पाऊण तास जायचा आणि माझं डोकं फिरायचं.

"काका, मी सगळं तपासूनच देतो. तुम्ही परत माझी परीक्षा कशाला घेता?" असं मी चारचौघांत म्हणायचो. बाकीचे हसायचे, काकाही हसायचे.

"तुमी कंप्युटरमदे बगता सर, मी हितं बगतो," एवढंच म्हणून ते परत नॉबवर हात ठेवायचे.

त्या दिवशी एक जॉब दुपारपर्यंत द्यायचा होता. घाई होती म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एका खाचेतून दुसऱ्या खाचेकडे जाताना कटर चांगलं वर उचलायचं असतं, ते मी जॉबच्या जेमतेम पाच मिलीमीटर वरून नेलं. आणि सिम्युलेशन अडकत अडकत चालत होतं म्हणून, जॉब टेबलावर दाबून धरणारे चारही क्लॅम्प पडद्यावरून लपवले. लपवलेल्या वस्तूला कटर धडकलं तरी पडदा लाल होत नाही. तपासून झाल्यावर ते परत आणून एकदा बघायचं असतं. विसरलो म्हणालो तर ते खोटं होईल. मी कंटाळा केला.

वर स्वतः बाहेर जाऊन काकांना सांगितलं, "आज हवेत बिवेत काही नको. थेट घ्या."

"एक डाव बगून घेऊ ना, सर."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी बटण दाबलं. तिसऱ्या खाचेनंतर कटर आडवं सुसाट निघालं आणि क्लॅम्पच्या बोल्टवर आदळलं. काकांनी मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं तोवर कटरचे तुकडे झाले होते आणि स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरवणारा मशीनचा जीव, खरवडल्यासारखा आवाज करत होता. मशीनचं काय होईल यापेक्षा माझं काय होईल हे आधी मनात आलं, हेही लिहून टाकतो.

मालक आले. मी त्यांना आणि काकांना केबिनमध्ये नेऊन तेच सिम्युलेशन चालवून दाखवलं. क्लॅम्प लपवलेलेच. मालकांना यातलं फारसं कळत नाही. पडद्यावर जॉब कशालाही न बांधलेला, अधांतरी होता आणि कटर त्याच्यावरून मजेत फिरत होतं. लाल काहीच नव्हतं.

"प्रोग्रॅममध्ये काही नाही," मी म्हणालो. "कटरची उंची मशीनमध्ये भरताना चुकली असेल."

उंची काका भरतात. मालक त्यांच्याकडे वळले. काका पडद्याकडे बघत होते. दोघं गेल्यावर मी क्लॅम्प परत आणून सिम्युलेशन चालवलं. तिसऱ्या खाचेनंतर पडदा लाल झाला. मी ती फाइल सेव्ह न करता बंद केली.

पुढच्या आठवड्यात दुरुस्त झालेलं मशीन दुसऱ्या ऑपरेटरकडे गेलं आणि काका कानस घेऊन जॉबच्या कडा घासायच्या टेबलावर. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं मशीन तोच त्याला हार घालतो. काका दरवर्षी पहाटे वाशीच्या मार्केटमधून झेंडू आणून हार स्वतः ओवायचे. त्या वर्षीही ओवून आणला आणि नव्या ऑपरेटरच्या हातात दिला. मी केबिनच्या काचेतून ते पाहिलं आणि उगीचच कीबोर्ड बडवत बसलो.

दोन वर्षांनी काका निवृत्त झाले. शाल, नारळ, समोसे असा छोटा समारंभ झाला. मालक मोकळ्या मनाचे. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत काकांनी मशीन ठोकलं ते एकदाच, पण असं ठोकलं की आम्ही जन्मात विसरणार नाही." सगळे हसले. काकाही हसले. मीसुद्धा हसलो.

गेटपर्यंत त्यांना सोडायला गेलो, तेव्हा मात्र राहवलं नाही. "काका, तेव्हा चूक माझी होती. मी क्लॅम्प लपवले होते," मी सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "क्लॅम्प मीच बांदलेलं, आनि तुमच्या पडद्यावर एक पन नव्हतं. तवाच बगितलं."

"मग मालकांना सांगितलं का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हनून थांबलो."

"आत्ता जाऊन सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली. "सांगा. पन मशीन काय आता मना मिलनार नाय. तुमाला बरं वाटंल."

ते नावड्याच्या रिक्षात बसून गेले. मी आत आलो. मालक एकटेच होते, टेबलावरचे हार गोळा करत होते. त्यांनी विचारलं, "गेले काका?" मी हो म्हणालो आणि खुर्च्या उचलायला लागलो.