कोण गेलं, ते आबांनीच विचारलं

आमचे आबा दोनदा गेले.

पहिल्यांदा गेले तेव्हा आतल्या खोलीतून चहा मागत होते.

आबा म्हणजे माझे सासरे. निमगाव केतकीत कुणालाही विचारा, पेरूवाले आबा म्हणून ओळखतील. ओट्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि पडून पडून पाठीला जखम झाली. त्यात शुगर.

डॉक्टर मला म्हणाले, "जखम चिघळली तर परत ॲडमिट करावं लागेल. कूस बदलत राहा, चादर कोरडी ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय कुणाला जवळ जाऊ देऊ नका."

पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या हो.

तिसरी? आमच्याकडं?

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला येणं म्हणजे थेट कॉटवर बसणं. पायावरून हात फिरवायचा. चादर वर करून जखम बघायची, "आई गं" म्हणायचं. मग त्याच हातानं केळ सोलून पेशंटला भरवायचं.

एका चुलत सासूबाईंना मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "हात धुता का जरा?"

"का गं? आमी काय घाण हाय व्हय?"

त्या चहा न घेताच गेल्या.

आबांचं एकच म्हणणं होतं, "मला परत दवाखान्यात नगं नेऊ पोरी. मला माझ्या पायानं बागंत जायचंय." हे बोलताना तोंडावर टॉवेल असायचा. नवरा कामावर गेला की ड्रेसिंग मीच करायची, आणि सुनेनं सासऱ्याची पाठ पुसायची म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून टॉवेल.

"तू मला दिसत न्हाईस, म्हंजी तू हितं न्हाईस," म्हणायचे.

मी पण म्हणायची, "बरं, नाही मी इथं. आता कुशीवर व्हा."

शेवटी मी डोकं चालवलं. तोंडानं सांगितलं की लोक रुसतात, मग सांगायचंच नाही. दाराबाहेर पाण्याची बादली ठेवली, तांब्या, साबण. नुसता साबण कोण विचारतंय, म्हणून पाण्यात कडुनिंबाचा डहाळा टाकला. चपला बाहेर काढायला लावल्या. आबांची गादी अंगणात उन्हात टाकली.

फार कौतुक वाटत होतं मला स्वतःचं.

तेवढ्यात बावड्याचे मामा आले, म्हणजे आबांचे मेहुणे. अंगणात आले आणि थबकले.

दारात बादली. त्यात कडुनिंब. बाहेर चपलांचा ढीग. उन्हात गादी. आणि दोन शेजारी मान खाली घालून हात-पाय धुतायत.

मयतीवरून आल्यावर आपण दारात काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको.

मामांनी पिशवी तिथंच टाकली आणि हंबरडा फोडला.

"अवो दाजीऽऽ! मला न भेटताच गेलात वो!"

ते रडले म्हणून शेजारच्या काकू रडायला लागल्या. त्यांना तर माहीत होतं आबा आत आहेत! पण मामांचं रडणंच असलं दणदणीत की त्यांना वाटलं, आत्ताच काहीतरी झालं.

माझ्या हातात ड्रेसिंगचा ट्रे. मी "अहो मामा, अहो मामा" करतेय, पण ऐकतंय कोण?

आणि आतून खणखणीत आवाज आला.

"कोन गेलं रं? आन चहाचं काय झालं?"

मामा रडता रडता थांबले आणि तसेच आत धावले. दाजींना मिठीच मारणार, तर आबांनी काठी आडवी धरली.

"आधी हात धू. त्याच हातानं नाक पुसलंस आन तसाच आत आलास व्हय? मी जित्ता हाय, मला जित्ताच ऱ्हाऊ दे."

मामा मुकाट्यानं परत बादलीपाशी गेले.

तोवर एका पुतण्यानं आबांचा फोटो टाकून फॅमिली ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" पाठवलं होतं. खाली हात जोडलेल्यांची रांग. आबांनी चष्मा मागवला, फोटो मोठा करून बघितला.

"फोटू चांगला हाय. ह्योच ठेवा."

त्या दिवसापासून मला काही करावंच लागलं नाही. येईल त्याला आबा हाच किस्सा सांगायचे आणि शेवटी दाराकडं बोट दाखवायचे. लोक हसत हसत हात धुवायचे. त्या चुलत सासूबाई परत आल्या, त्यांनी तर कोपरापर्यंत धुतले!

जखम भरत आली. एक दिवस मी म्हणाले, "आबा, भरली. उद्यापासून पट्टी नाही."

त्यांनी तोंडावरचा टॉवेल काढला. पहिल्यांदाच ड्रेसिंगच्या वेळी माझ्याकडं बघितलं.

"लई केलंस पोरी."

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात पळाले. रडायला. हात धुवून मग डोळे पुसले, शिस्त ती शिस्त.

नंतर वॉकर धरून आबा बागेत गेले. स्वतःच्या पायानं. पुढं कितीतरी पेरू त्यांनी हातानं तोडून आम्हाला खायला घातले.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी ते बागेतच गेले. सकाळचा चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या. दवाखाना नाही, काही नाही. त्यांना हवं होतं तसं.

मी दारात तीच बादली ठेवली. कडुनिंबाचा डहाळा टाकला.

सगळे स्मशानातून परत आले. बावड्याच्या मामांनी तांब्याभर पाणी हातावर घेतलं आणि तसेच उभे राहिले, दाराकडं बघत.

मीही तिकडंच बघत होते.

आम्हाला दोघांनाही वाटत होतं, आतून आवाज येईल. कोण गेलं रं म्हणून.

बराच वेळ वाट बघितली आम्ही.

आबा, फोटो तोच लावलाय, तुम्ही पास केलेला.

भावपूर्ण श्रद्धांजली. या वेळची खरी.