आप्पांच्या रंध्याचा नवा दगड

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सुतारकीची हत्यारं विकायला काढली. आजऱ्याच्या एका घरासाठी सागवानी देव्हारा करायला घेतला होता आणि फळी काही केल्या सपाट होईना. रंधा मधेच खोल खायचा, कडा तशाच राहायच्या. "हात गेला माझा," म्हणाले, आणि जुनी हत्यारं घेणाऱ्या एका माणसाला रविवारी या म्हणून सांगून मोकळे झाले. जन्मभर सुतारकी केलेला माणूस नुसता कट्ट्यावर बसून राहायला लागला. मला ते बघवेना.

मी शिवणकाम करते. कापड बेतायची माझी स्टीलची पट्टी मी आप्पांच्या धार लावायच्या दगडावर उभी धरली. पट्टीखालून लख्ख उजेड आला. दगड मधे झिजून पार खोलगट झाला होता, मग त्यावर घासलेलं पातं सरळ कसं राहणार? दुसऱ्या कुणाचा दगड असता तर आप्पांनी दारातूनच ओळखलं असतं. पण हा आजोबांचा.

"माझ्या बापाचा दगड हाय त्यो! त्याला नावं ठेवायची न्हाईत!" मी खोलगटपणा दाखवल्यावर आप्पा असे ओरडले की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या.

मीही त्यांचीच मुलगी. तडक लक्ष्मीपुरीच्या बाजारात हत्यारांचं दुकान गाठलं.

"इळीला धार लावायला पायजे का, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"रंध्याला," म्हटलं आणि पर्समधून पट्टी काढली. महागातला चकचकीत दगड आधी पुढं आला. त्याच्या कडेला उजेड दिसला, बाजूला ठेवला. दुसरा मधे फुगीर.

"दगड घेताय का जावई बघताय?" तो वैतागला. मी ऐकते होय! शेवटी खालच्या फळीवरून एक धुळकट दगड निघाला, एक बाजू भरड, दुसरी बारीक, आणि पट्टीखाली अंधारगुडूप. तोच घेतला.

आप्पांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मग मी त्यांच्यासमोरच बैठक मारली आणि रंध्याचं पातं मुद्दाम वेडंवाकडं घासायला लागले. थोडा वेळ त्यांनी दम धरला.

"आण हिकडं! जीव घेशील पात्याचा!"

हिसकावलंच. आधी भरड बाजूवर, मग बारीक बाजूवर, मान खाली घालून घासत बसले. पातं रंध्यात बसवलं आणि फळीवर एक हात मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फळीच्या रुंदीची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल अखंड निघाली. आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जिंकल्याचा माजही आला, खोटं कशाला बोलू.

रविवारी तो माणूस पोती घेऊन आला. आप्पांनी त्याला देव्हाऱ्याच्या फळीवरून हात फिरवायला लावला.

"काय इकायचं न्हाय, पावणं. च्या घ्या आनि जावा," म्हणाले. मग आत स्वयंपाकघरात मला नीट ऐकू यावं इतक्या मोठ्यानं, "हात गेलाच न्हवता माझा. दगड गेलता. माझ्या पोरीनं वळाकलं की!"