राखेतला वायू

म्हैसूरच्या आसपास कोळशाचा खडाही सापडणार नाही. तरी कुवेंपुनगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावर, एसीत बसून, आम्ही लांबच्या कोळशात किती मिथेन वायू आहे ते छातीठोकपणे सांगायचो. बोअरमध्ये उतरवलेल्या यंत्रांच्या आलेखांवरून थराची जाडी, जमिनीत सोडलेल्या लहरींच्या नोंदींवरून त्याचा पसारा, आणि टनामागे वायू किती ते प्रयोगशाळा कळवणार. सगळ्याचा गुणाकार केला की झालं. ह्या गुणाकाराला आमचे साहेब ‘इंटरप्रिटेशन’ म्हणायचे, आणि म्हणताना चष्मा काढायचे. दोन बोअरच्या मधे जमिनीखाली काय आहे ते देवाला ठाऊक नसेल, साहेबांना असायचं.

मीही काही कमी दीडशहाणा नव्हतो. पुण्याहून आलेला, त्यामुळे शुद्ध मराठीची मिजास. ऑफिसात दुसरं मराठी माणूस एकच, माझ्या हाताखालची एक बाई. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या घरातली. तिच्या निम्म्या वाक्यात कन्नड. मी तिची नक्कल करून घरी बायकोला हसवायचो.

एका अहवालाची घाई चालली होती. त्या आकड्यावर गिऱ्हाईक विहिरी खणायच्या की नाही ते ठरवणार होतं. ही बाई कागद घेऊन आली.

“सर, हे सरी नाही. स्वल्प बघा की.”

सरी म्हणजे बरोबर, स्वल्प म्हणजे जरा. बघितलं. प्रयोगशाळेने राख, म्हणजे कोळशातली न जळणारी माती, आणि ओलावा वगळून, निव्वळ कोळशाचा वायू कळवला होता. आम्ही तो राखेसकट सगळ्या थराला लावला होता. म्हणजे राखेतूनही वायू काढला होता. पहिल्या वर्षाचं पोरगंही ही चूक करणार नाही. आम्ही केली, आणि तो हिशेब तपासला मी होता.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. त्यांनी तिचा कागद उलटून ठेवला. “गिऱ्हाइकाला आकडा आवडलाय. आता राख कशाला उकरायची?”

ती म्हणाली, “मग मी सही करत नाही, सर.” आवाज चढवला नाही, काही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बोगादीत नुकताच फ्लॅट घेतला होता, हे कारण मी अजूनही स्वतःला देतो. डोंबलाचं कारण. मला फक्त साहेबांची नाराजी नको होती. मी सही केली. साहेबांनी तिला जुने नकाशे स्कॅन करायला बसवलं, आणि मी बसवू दिलं.

विहिरी खणल्या. वायू अंदाजाच्या जवळपासही आला नाही. गिऱ्हाइकाने फेरतपासणी मागितली, तेव्हा साहेबांना कोळशात राख असते हे अचानक आठवलं. सुधारलेला अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता.

मी तिच्या टेबलाशी गेलो आणि तिचा तो हिशेब मागितला. मला वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार. ऐकायची तयारी करूनच गेलो होतो. तिने खण उघडून कागद दिले, पानं क्रमाने लावलेली.

“ह्याच्यावर तरी माझी सही घेणार ना, सर?”

मी “बघतो” म्हणालो. सुधारलेल्या अहवालाचं शेवटचं, सह्यांचं पान तेव्हा माझ्या हातातच होतं. त्यावर एकच नाव छापलेलं होतं, माझं, आणि ते मीच सकाळी टाइप करून घेतलं होतं.