फादरचा तोता

"ये हमारा तोता है. जो बोलो, वही बोलता है."

फादरनं पावन्याईले माझी अशी ओळख करून देल्ली. चर्चच्या पायरीवर, साऱ्या लोकाईच्या समोर. पावने नागपूरचे, पांढऱ्या गाडीतून आलेले. ते हासले. मी बी हासलो. ते हासनं मले आजवर पचलं नाई.

आलापल्लीच्या पुढं जंगलात आमचं लहानसं चर्च आहे. फादर बाहेरचे, हिंदी बोलतात. आमची मानसं माडिया बोलतात, हिंदी त्याईले समजत नाई. मधात मी. मिशनच्या वसतिगृहात शिकलो, मनून दोन्ही भाषा येतात. फादर एक वाक्य बोलनार, थांबनार, मी ते माडियात सांगनार. अकरा वर्सं हेच करून राह्यलो होतो.

त्या दिवशी पावने आत आले अन् फादर माईकवर म्हनले, "इनको बोलो, नीचे बैठें. बेंच लाल हो जाते हैं."

आमच्या रस्त्यानं सूरजागडच्या लोखंडाच्या खदानीचे ट्रक लाल धूळ उडवत धावतात. तीन कोस चालत मिस्साले, रविवारच्या उपासनेले, येनारा मानूस लाल होऊनच येते. धुतलेलं लुगडं बी लाल. मी माडियात काय सांगतलं? "फादर म्हनतात, पावने दुरून आले, त्याईले जागा द्या." लोकं खुशीनं उठले. मैनीबाई, माझ्या मायच्या वयाची, तिनं तं पदरानं बेंच पुसून देल्लं.

असं मी नेहमीच करो. फादर म्हनत, इनसे महुए की बास आती है, तं मी सांगो, फादर तुमच्यासाठी प्रार्थना करतात. फादर म्हनत, जंगली हैं, क्या समझेंगे, तं मी सांगो, ध्यान देऊन ऐका. मले वाटे, मी आपल्या लोकाईची इज्जत झाकून राह्यलो. कायची इज्जत? वेदीच्या बाजूची जागा मले गोड लागे. ती जाऊ नये मनून सारं. फादरनं मले तोता म्हनलं, तेवढं बी मी नव्हतो. तोता निदान ऐकलं तेच बोलते.

लोकं म्हनत, फादर लय मायेचे. मैनीबाई उन्हाळ्यात त्याईच्यासाठी चारोळी आने, पळसाच्या पानात बांधून.

थंडी सरत आली तवा तिचा मानूस, चिन्नाभाऊ, खाटेले लागला. आमच्या धर्मात मरनाऱ्याच्या कपाळाले पवित्र तेल लावतात, पापाची माफी देतात. ते काम फादरचंच, माझ्यासारख्यानं केलेलं चालत नाई. चिन्नाभाऊले तेवढंच पायजे होतं, दुसरं काई नाई. मैनीबाई एकटी चालत मिशनवर आली.

फादर जेवून राह्यले होते. तिले दारात पाहून मले म्हनले, "उस दारूबाज के लिए मैं जंगल में जाऊँ? बोलो, नहीं आऊँगा."

मैनीबाई माझ्या तोंडाकडं पाह्यत होती. मी म्हनलं, "फादर येतील, बाई. तू घरी जा, भाऊजवळ बस."

तिनं मले जोहार केला, फादरले बी केला अन् गेली. मी केसानं तिचा गळा कापला, अन् मले वाटलं, दिलासा देल्ला. मनात होतं, एकदोन दिवसांत फादरले मनवून टाकू. मनवलं नाई. भेलो. विषयच काढला नाई.

चौथ्या दिवशी निरोप आला, चिन्नाभाऊ गेला. मी धावत गेलो. आंगन शेनानं सारवलेलं. खाट दारात टाकलेली, रस्ता दिसन अशी. फादरसाठी कोनाची तरी प्लास्टिकची खुर्ची मागून आनली होती, धुऊन ठेवली होती. मैनीबाईनं इचारलं, "तीन दिवस तो रस्त्याकडं पाह्यत होता. फादर कुठी अटकले?"

मी म्हनलं, "गाडी बिघडली होती." मढ्यासमोर बी खोटंच.

त्याच रविवारी शुभवर्तमान मलेच वाचायचं होतं. येशू शिष्याईले सांगते, तुमचं हो ते हो असू द्या, नाई ते नाई. त्याच्यावर जे घालाल ते सैतानाकडून येते. ती ओळ मी माडियात दोनदा वाचली. अकरा वर्सं मी वरून जे घातलं ते कोनाचं होतं, हे त्या पुस्तकानं मले तोंडावर सांगतलं.

मंग फादर बोलाले उभे झाले. मैनीबाई खाली, पुढंच बसली होती.

"इनको बोलो, मुझे बताए बिना गाड़ दिया. जानवर को भी ऐसे नहीं गाड़ते."

मी सांगतलं. जसंच्या तसं. जनावर बी सांगतलं.

मी थांबलो नाई. बेंचचं सांगतलं, बासाचं सांगतलं, जंगलीचं सांगतलं. शेवटी म्हनलं, "मैनीबाई, त्या दिवशी फादर म्हनले होते, दारुड्यासाठी येनार नाई. येतील, हे माझं होतं."

फादर इचारून राह्यले, "इतना लंबा क्या बोल रहा है?"

"जो आपने बोला था, वही."

मैनीबाई उठली. मले वाटलं, थुकते आता. तिनं आवाज बी नाई चढवला. म्हनली, "तवाच नाई म्हनला असता, तं चार मानसं लावून, खाटेवर टाकून मीच त्याले इथी आनलं असतं. फादरनं तं खरंच सांगतलं होतं. खोटं तू बोलला."

ती गेली. मंग चर्चमंदी आली नाई. मी दोनदा घरी गेलो. तिनं पानी देल्लं, बोलली नाई. तिचा हक्क आहे.

फादरनं मले काढलं. दोन रविवार एकटेच हिंदीत बोलले, लोकं भिंतीकडं पाह्यत बसले. तिसऱ्या रविवारी बोलावनं आलं. मी दारातच म्हनलं, "जे बोलाल ते सारं सांगीन. लोकं जे म्हनतील, ते बी तुमाले सारं सांगीन." फादरनं माईक माझ्याकडं सरकवला.

आता तोंड उघडायच्या आधी ते माझ्याकडं पाह्यतात. मी नजर खाली घालत नाई. लोकं बेंचवर बसतात. बेंच लाल होतात, होऊ द्या.

मी येशूचा शिष्य आहो, फादरचा नाई. उद्या मैनीबाईसारखी कोनी बाई दारात आली अन् तिनं इचारलं, फादर येतील का, अन् ते येनार नसले, तं मी तिथीच सांगीन, नाई. अन् त्याच पावली तिच्या गावाले जाईन, खाटेचा एक कोना खांद्यावर घेईन, अन् तो बिमार मानूस फादरच्या दारात आनून ठेवीन.